रंबोल्ड आजोबांची टोपी

१८९० साली जोनाथन हचिन्सन या लंडनच्या सर्जनने एका म्हाताऱ्या गृहस्थांची हकिगत लिहून ठेवली. नाव रंबोल्ड, वय ऐंशीच्या पुढे, डोक्याला टक्कल. तक्रार काय, तर डोक्यावर लाल रेघा उठल्यात, त्या दुखतात आणि टोपी घालता येत नाही! हचिन्सनने पाहिलं तर त्या रेघा म्हणजे दोन्ही कानशिलांवरच्या सुजलेल्या रक्तवाहिन्या. आधी त्यांत नाडी मंद लागायची, मग तीही थांबली. आजोबा मात्र पुढे काही वर्षं मजेत जगले. नशीबवान म्हणायचे, कारण त्यांची नजर शाबूत राहिली.

आमच्या आत्याला टेम्पोरल आर्टरायटिसचं निदान झाल्यापासून मी या आजाराच्या मागे लागलोय (घरच्या मंडळींना हे ऐकून कंटाळा आला असेल, असो). पन्नाशीनंतरच होणारा हा आजार. नवीनच सुरू झालेली डोकेदुखी, केस विंचरताना दुखणारं कानशील, आणि घास चावता चावता भरून येणारा जबडा. बिचारे लोक आधी दातांच्या डॉक्टरकडे जातात! खरी भीती डोळ्यांची. डोळ्याच्या नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या सुजून बंद झाल्या की दिसणं जातं, आणि गेलेली नजर सहसा परत येत नाही. दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो.

१९३२ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या हॉर्टन आणि सहकाऱ्यांनी दोन रुग्णांच्या कानशिलातला वाहिनीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. आजार हा असा डोळ्यांना दिसला, पण औषध? काहीच नाही. ते आलं त्याच मेयो क्लिनिकमधून. १९४८ मध्ये फिलिप हेंचने संधिवाताच्या एका बाईंना कॉर्टिझोन दिलं, १९५० मध्ये त्याला नोबेल मिळालं, आणि त्याच सुमारास कानशिलाच्या या रुग्णांनाही ते औषध मिळू लागलं. डोकेदुखी एकदोन दिवसांत पळते म्हणे. आत्याची तर पळालीच.

गंमत अशी की तुकडा तपासूनही आजार निसटू शकतो. सूज वाहिनीभर सलग नसते, मधेमधे चांगला भाग असतो. म्हणून संशय पक्का असेल, ईएसआर वाढलेला असेल, तर डॉक्टर आधी स्टेरॉइड सुरू करतात आणि तुकडा नंतर काढतात. आत्याच्या डॉक्टरांनी रिपोर्टची वाट पाहिली नाही, हे मला फार मोठं वाटतं. १९९७ पासून सोनोग्राफीचीही मदत होते, वाहिनीभोवती काळसर कडं दिसतं.

पण स्टेरॉइड महिनोन् महिने घ्यायचं म्हणजे हाडं, साखर, रक्तदाब सगळ्यांचा हिशेब आला. २०१७ मध्ये टोसिलिझुमॅब नावाचं इंजेक्शन या आजारासाठी मंजूर झालं, त्याने स्टेरॉइड लवकर कमी करता येतं. ते महाग आहे. आत्या गोळ्यांवरच आहे, डोस हळूहळू उतरतोय. साखर वाढल्यामुळे यंदा आमरसाच्या वाटीकडे ती नुसतीच बघत बसली होती, दोन्ही डोळ्यांनी.