संयुजेचं जू

रायपूरच्या पंडरीत, कापडाच्या ठोक बाजाराजवळ माझी मावसबहीण राहते. तिच्या मुलाचं विज्ञान हिंदीतून. गेल्या खेपेला त्यानं विचारलं, "मामा, संयोजकता म्हणजे काय हो?" म्हटलं, "आमच्या मराठी पुस्तकात तिला संयुजा म्हणायचे." तो म्हणाला, "मग एकच ना?"

एकच. अणूची दुसऱ्या अणूंशी जोडलं जायची क्षमता. आमचं नागपूर आणि रायपूरही १९५६पर्यंत एकाच राज्यात होते. हे दोन्ही शब्दही एकाच 'युज्' धातूचे. त्याच धातूच्या 'युग'वरून बैलाच्या मानेवरचं जू आलं आणि 'योक्त्र'वरून जोतं.

युरोपात मात्र नाव बळावरून पडलं. १८५२ साली रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंडला दिसलं, की नायट्रोजन, फॉस्फरस, आर्सेनिक ही मंडळी दुसऱ्यांचे तीन किंवा पाचच वाटे घेतात. तो त्याला 'जोडण्याची शक्ती' म्हणे. पुढे हॉफमननं एक लांबलचक शब्द काढला, आणि १८६८मध्ये विखेलहाउसनं तो छाटून 'व्हालेन्झ' केला. मुळात लॅटिन 'वालेन्तिया', म्हणजे ताकद. गंमत म्हणजे तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला ठाऊकच नव्हता. थॉमसननं तो दाखवला १८९७ साली. अगोदर नाव, मग कारण!

कारण सांगितलं गिल्बर्ट लुईसनं, १९१६ साली: दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक ठेवतात, तोच बंध. म्हणजे बळ नव्हे, जूच. मला तरी इथे आपला शब्द लॅटिनपेक्षा सरस वाटतो.

भाच्याला मी वहीच्या समासात सोडिअम काढून दाखवला: कवचांत २, ८, १. शेवटचा एकटा इलेक्ट्रॉन म्हणजे संयुजा इलेक्ट्रॉन. तो देऊन टाकला की सुटका. क्लोरीन २, ८, ७. त्याला एकच हवा. दोघांचीही संयुजा १. इथे वाटून घेणं नाही, सरळ देवघेव; तरी एकास एक जमतं, आणि होतं मीठ. ॲल्युमिनिअमची ३, ऑक्सिजनची २. आकडे तिरकस उतरवले, की दोन ॲल्युमिनिअमला तीन ऑक्सिजन. त्यानं बोटं मोजली: तीन दुणे सहा, दोन त्रिक सहा. जमलं.

"आणि हेलिअम? त्याची तर शून्य."

"तो जू घेतच नाही."

"म्हणजे सांड," भाचा म्हणाला आणि पान उलटलं.