पोस्टकार्डावरचे आकाश : अवकाशविज्ञानातून वाचन-लेखन

मुलाला लिहिते करायचे तर त्याला स्वतःचा प्रश्न पडावा लागतो. पुण्याच्या 'आयुका' संस्थेचे संस्थापक संचालक, खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांनी हे ओळखले होते. व्याख्यानानंतर मुले स्वाक्षरीसाठी गर्दी करीत. तेव्हा ते सांगत की, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, सहीसह उत्तर मिळेल. प्रश्न मोजक्या शब्दांत मांडणे, पत्ता नीट लिहिणे, आलेले उत्तर वाचणे, सगळा अभ्यास त्या एका कार्डात होई.

बालाघाटात आपल्या घरांतली मुले मराठी बोलतात, पण हिंदीत शिकणाऱ्यांना मराठी लिहिण्याची सवय राहत नाही. लिपी एकच असली तरी हिंदीतला 'मंगल' मराठीत 'मंगळ' होतो. आभाळ, काळोख, संध्याकाळ हे शब्द लिहिता लिहिता 'ळ' हातात बसतो.

घरी करून पाहावे असे : अमावास्येनंतर दोन दिवसांनी सूर्यास्ताच्या सुमारास पश्चिमेला चंद्रकोर दिसते. त्या दिवसापासून पौर्णिमेपर्यंत ठरावीक वेळी चंद्र पाहून मुलाने वहीत तारीख, चित्र आणि एक मराठी वाक्य लिहावे. पासबुकातल्या नोंदीसारखे, रोजचे रोज. चंद्र दररोज पूर्वेकडे सरकलेला आणि मोठा झालेला दिसेल. असे का, हा प्रश्न त्याने पोस्टकार्डावर आजी-आजोबांना विचारावा. आजी-आजोबांनीही फोन न करता हाताने लिहूनच उत्तर द्यावे.