शोकगृही ‘शालोम’ का म्हणू नये?

शोकगृही पाऊल टाकताच सवयीने ‘शालोम’ तोंडून निघते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. शुल्हान आरुखनुसार पहिले तीन दिवस शोककर्त्याने कोणास शालोम म्हणू नये, उत्तरही देऊ नये. आपण शोकात आहोत एवढेच सांगावे. पुढे सातव्या दिवसापर्यंत, कोणी नकळत म्हटल्यास उत्तर द्यावे. त्यानंतर तिसाव्यापर्यंत त्याने इतरांस म्हणावे, कारण ते शांतीत आहेत. इतरांनी त्यास म्हणू नये, कारण तो शांतीत नाही.

हॉलंडचे रब्बी मनश्शे बेन इस्राएल यांचेच पाहा. त्यांनी १६२६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला हिब्रू छापखाना काढला, आणि सक्तीच्या धर्मांतरामुळे विधी विसरलेल्या बांधवांसाठी पोर्तुगीजमध्ये धर्मनियमांचा ग्रंथ लिहिला. १६५७ मध्ये त्यांचा पुत्र शमुवेल लंडनला वारला. त्याचे शव घेऊन ते मिडेलबर्गला आले आणि २० नोव्हेंबरला तेथेच निवर्तले. अशा पित्यास ‘शांती असो’ कोणत्या तोंडाने म्हणावे?

विसरलेले विधी कोकणातील आपल्या पूर्वजांनीही पुन्हा शिकून घेतले. तेव्हा आपणही मुलांस शिकवू या: शोकगृही शालोम नको. शोककर्ता बोलेपर्यंत मौन पाळावे. मग सांत्वन करावे.