डीबीटी स्किल्स ग्रुप कसा शोधावा? बौद्ध तरुण आणि कार्यकर्त्यांसाठी माहिती

डीबीटी म्हटले की आपल्या विद्यार्थ्यांना महाडीबीटी पोर्टल आणि अडकलेली शिष्यवृत्ती आठवते. या लेखातली डीबीटी वेगळी आहे. तिचे पूर्ण नाव 'डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी' असे असून ती मानसोपचाराची एक पद्धत आहे. इंटरनेटवर शोधतानाही पूर्ण नाव आणि पुढे 'स्किल्स ग्रुप' असे लिहावे, नाहीतर शिष्यवृत्तीचीच पाने समोर येतात.

रोहित वेमुला (२०१६), डॉ. पायल तडवी (२०१९), दर्शन सोळंकी (२०२३) यांच्यासाठी आपण रस्त्यावर उतरलो. त्या मृत्यूंचे उत्तर थेरपी नव्हे, न्याय आहे, हे आम्ही आधीच स्पष्ट करतो. पण आज होस्टेलच्या खोलीत रात्र काढणे कठीण जाणारी मुले-मुली आपल्यात आहेत. दिवसभर दुसऱ्यांची प्रकरणे हाताळून रात्री स्वतःवर राग काढणारे कार्यकर्तेही आहेत. न्यायाची लढाई लांबते. ती लढताना जिवंत आणि शाबूत राहण्यासाठी काय शिकता येईल, हा या लेखाचा विषय आहे.

(आत्ता या क्षणी जीव नकोसा वाटत असेल तर लेख पुढे वाचण्याआधी 'टेली मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येते. जिवाला तातडीचा धोका असेल तर १०८ किंवा ११२ वर फोन करा आणि जवळच्या कुणाला तरी सोबत थांबायला सांगा.)

ही पद्धत कुठून आली?

अमेरिकेतील सिएटल येथील युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये मार्शा लिनेहन या मानसशास्त्रज्ञ महिलेने ही पद्धत विकसित केली. सतत आत्महत्येचे विचार येणाऱ्या आणि स्वतःला इजा करून घेणाऱ्या स्त्रियांवर ती काम करत होती. या पद्धतीची पहिली मोठी चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि १९९३ साली तिची पुस्तके आली. २०११ साली लिनेहन यांनी जाहीरपणे सांगितले की वयाच्या १७ व्या वर्षी त्या स्वतःच मनोरुग्णालयात दाखल होत्या. म्हणजे ही पद्धत घडवणाऱ्या बाईने ते दुःख स्वतः भोगले होते.

सुरुवातीला 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' हे निदान झालेल्यांसाठी ही पद्धत होती. आता भावनांचा उद्रेक, स्वतःला इजा करणे, व्यसन, खाण्यासंबंधीचे आजार अशा अनेक त्रासांत ती वापरली जाते. निदानाचा शिक्का असलाच पाहिजे असे प्रत्येक गटात नसते.

गटात नेमके काय होते?

'ग्रुप थेरपी' म्हटले की गोल बसून रडत आपली कहाणी सांगायची, असे चित्र डोळ्यांसमोर येते. स्किल्स ग्रुप तसा नसतो. तो शिकवणीच्या वर्गासारखा असतो. आठवड्यातून एकदा दोन ते अडीच तास, थोडी माणसे आणि शिकवणारे शक्यतो दोघे. आधी मागच्या आठवड्याचा गृहपाठ, मग नवे कौशल्य. पूर्ण अभ्यासक्रम साधारण २४ आठवड्यांचा असतो आणि अनेक ठिकाणी तो दोनदा करून घेतात, म्हणजे वर्ष जाते. स्वतःला इजा केल्याचे तपशील गटात सांगायचे नाहीत, असा नियम असतो, कारण त्याचा इतरांवर परिणाम होतो.

शिकवण्याचे चार भाग असतात:

१. सजगता: आत्ता मनात आणि शरीरात काय चालले आहे ते निवाडा न करता पाहणे.

२. असह्य क्षण निभावणे: काहीतरी करून बसण्याआधीची ती पंधरा-वीस मिनिटे कशी पार पाडायची. श्वास संथ करणे, चेहऱ्याला गार पाणी लावणे, जोराचा व्यायाम असे शरीराला शांत करणारे उपाय इथे शिकवतात. (हृदयाचा किंवा खाण्यासंबंधीचा आजार असेल तर गार पाण्याचा उपाय डॉक्टरांना विचारूनच करावा.)

३. भावना सांभाळणे: भावनेला नाव देणे, ती वस्तुस्थितीला धरून आहे का ते तपासणे, झोप-जेवण-औषधे यांची घडी बसवणे.

४. माणसांशी वागणे: आपले म्हणणे मांडणे, नकार देणे आणि हे करताना नाते व स्वाभिमान दोन्ही राखणे.

लक्षात ठेवा, स्किल्स ग्रुप हा डीबीटीचा एक भाग आहे. पूर्ण डीबीटीत त्याशिवाय दर आठवड्याला एकट्याने थेरपिस्टला भेटणे, अडचणीच्या वेळी फोनवर मदत आणि थेरपिस्ट मंडळींची आपापसातली सल्ला-बैठक असते. वारंवार आत्महत्येचा विचार येत असेल तर नुसत्या गटावर विसंबू नये.

धम्माशी नाते, आणि विपश्यनेबद्दल थोडे

लिनेहन झेन परंपरेत शिकल्या आणि पुढे झेन गुरू झाल्या. डीबीटीतली सजगता त्यांनी मुख्यतः तिथून घेतली. आपल्याला ओळखीची असलेली सती आणि वेदनानुपश्यना इथे धार्मिक शब्दांशिवाय भेटते. संयुत्त निकायात दोन बाणांचा दृष्टान्त आहे: पहिला बाण शरीराला लागतो, दुसरा आपण मनाला लावून घेतो. गटातला बराच अभ्यास या दुसऱ्या बाणाचा असतो. किशोरवयीन मुले आणि पालक यांच्यासाठी जो जादा भाग जोडला गेला त्याचे नावच 'मध्यम मार्गावर चालणे' असे आहे. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धाने मनाला केंद्रस्थानी ठेवले, हे ठळकपणे मांडले आहे. त्यामुळे मनावर उपचार घेणे आपल्या विचाराला परके नाही.

मात्र एक गल्लत टाळावी. घरात कुणी खचले की "इगतपुरीला दहा दिवस जाऊन ये" असे आपल्याकडे सहज सांगितले जाते. दहा दिवसांचे मौन शिबिर हा मानसोपचार नव्हे. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिरात येऊ नये, अशी सूचना या केंद्रांकडूनच दिली जाते आणि अर्जात आजाराची माहितीही विचारतात. ती लपवू नये. चालू असलेली औषधे तर शिबिरासाठी स्वतःच्या मनाने मुळीच बंद करू नयेत.

'स्वीकार' म्हणजे अन्याय मान्य करणे नव्हे

कार्यकर्त्यांचा नेहमीचा आक्षेप असा की थेरपी सगळा दोष आपल्या डोक्यात शोधते आणि जातीला मोकळे सोडते. हा आक्षेप खोटा नाही. "तू जरा जास्तच मनाला लावून घेतोस" हे वाक्य थेरपिस्टच्या खोलीतही ऐकू येऊ शकते.

पण डीबीटीची मूळ मांडणी काय आहे तेही पाहावे. 'डायलेक्टिकल' म्हणजे दोन विरोधी वाटणाऱ्या गोष्टी एकत्र धरणे: आहे ते वास्तव मान्य करणे आणि ते बदलणे. इथे मान्य करणे म्हणजे 'हे घडले आहे' हे नाकारण्यात ताकद न घालवणे. 'हे योग्य आहे' असे त्यातून निघत नाही. गाईडने जातीवरून अपमान केला, हे वास्तव आहे. ते स्पष्ट पाहिले की हात न थरथरता तक्रार लिहिता येते. याच पद्धतीत असेही म्हटले आहे की माणसाच्या भावना सतत खोट्या ठरवणारे वातावरण त्याचा त्रास वाढवते. आमच्या मते जात हे तसे वातावरण रोज तयार करते. चांगला थेरपिस्ट हे समजून घेईल. जो अत्याचार 'स्वीकारायला' सांगेल, त्याला डीबीटी समजलेली नाही.

शोध कुठून सुरू करावा?

असे गट मुख्यतः मोठ्या शहरांतल्या खाजगी दवाखान्यांत आणि संस्थांत, तसेच ऑनलाइन चालतात. जिल्ह्याच्या ठिकाणी गट मिळाला नाही तरी शोधाची पहिली पायरी तिथेच घालता येते.

सरकारी किंवा महापालिका रुग्णालयात केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवा. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्य कार्यक्रम चालतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे. तिथे स्किल्स ग्रुप असेलच असे नाही, पण तपासणी व औषधोपचार कमी खर्चात होतात आणि "डीबीटी शिकवणारे कोणी माहीत आहे का?" असे विचारता येते. टेली मानसवर आणि विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रातही हेच विचारा.

नाव मिळाले की पात्रता तपासा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तिचा क्रमांक मागता येतो आणि परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय परिषदेकडे नोंदलेले डॉक्टर असतात. बिहेवियरल टेक ही लिनेहन यांनी सुरू केलेली प्रशिक्षण संस्था आहे, तिथले किंवा तिथे शिकलेल्यांकडून घेतलेले प्रशिक्षण आहे का, हे विचारा. एका दिवसाची कार्यशाळा पुरेशी नाही.

फोनवर विचारायचे प्रश्न

वहीत लिहून घ्या आणि न लाजता विचारा:

• चारही भाग शिकवता का? किती आठवडे? गृहपाठ आणि डायरी कार्ड असते का?

• शिकवणारे किती जण? तुमचे डीबीटीचे प्रशिक्षण कुठे आणि किती झाले? तुमची सल्ला-बैठक होते का?

• माझा वेगळा थेरपिस्ट असणे आवश्यक आहे का? मध्येच प्रकृती बिघडली तर काय करायचे?

• भाषा कोणती? मराठीत प्रश्न विचारले, गृहपाठ मराठीत लिहिला तर चालेल का?

• गटात माझ्या ओळखीचे कोणी निघाले तर काय? नावे आणि माहिती बाहेर न नेण्याचा नियम कसा पाळता?

• गटात जातीवरून, आरक्षणावरून कोणी बोलले तर तुम्ही काय करता?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नीट ऐका. "आमच्याकडे जात वगैरे कोणी पाहत नाही" एवढ्यावर विषय संपवणारा माणूस तुमचे ऐकून घेईल का, याचा विचार करा. "असे झाले तर मी थांबवीन आणि तुमच्याशी वेगळे बोलेन" हे उत्तर बरे. बहुजनांच्या मानसिक आरोग्यासाठी दिव्या कंदुकुरी यांनी सुरू केलेला 'द ब्लू डॉन' हा आधारगट याच अनुभवातून उभा राहिला.

पैसे, जागा, वेळ

फी जागोजागी वेगळी असते. सवलत, हप्ते किंवा विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा आहे का, हे पहिल्याच फोनवर विचारा. एकूण किती आठवडे भरावी लागेल याचा हिशेब करूनच नाव नोंदवा.

ऑनलाइन गट असेल तर एका खोलीच्या घरात बसायचे कुठे, हा खरा प्रश्न आहे. हेडफोन हवाच. विहाराची अभ्यासिका रिकामी असते ती वेळ, मित्राची खोली, असे काही आधी ठरवा.

हजेरीचा नियम कडक असतो. सलग चार वेळा गैरहजर राहिल्यास गटाबाहेर, असा मूळ पद्धतीतला नियम आहे. १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर आणि परीक्षा यांचा मेळ घालून सुरुवातीची तारीख निवडा.

गट मिळेपर्यंत

एखादा थेरपिस्ट हीच कौशल्ये एकट्याला शिकवू शकतो, तसे विचारा. चालू उपचार थांबवू नका. पुस्तके वाचून मित्रमंडळींत सराव करण्यात गैर नाही, पण त्याला उपचार समजू नका.

घरच्यांना पोलीस केसची भीती असते म्हणून ते दवाखाना टाळतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करायची नसते. याच कायद्याने उपचाराचा आणि गोपनीयतेचा हक्क दिला आहे. हे घरात समजावून सांगा.

विहार आणि संघटना काय करू शकतात?

संघटनेने थेरपिस्ट होऊ नये. पण प्रवासखर्च देता येतो. आठवड्यातून तीन तास विहारातली एक खोली बंद दाराने वापरायला देता येते. गटाला जाणाऱ्या कार्यकर्तीच्या लेकराला सांभाळता येते. त्या दिवशी तिला मीटिंगला बोलावले नाही, आणि का आली नाहीस असे चारचौघांत विचारले नाही, तरी मोठी मदत होते. चौकशी करून मिळालेल्या चांगल्या डॉक्टरांची, थेरपिस्टची यादी शाखेच्या वहीत ठेवा आणि दर वर्षी तपासून घ्या.

आपल्या चळवळीत थकणे हा गुन्हा मानला जातो. तो समज आपणच मोडू शकतो. आपल्यापैकी कुणी "मी गटाला जातोय" असे म्हटले तर "केव्हा सुटतो? न्यायला येतो," एवढेच म्हणा.

जय भीम, नमो बुद्धाय!