पृष्ठीय गुरुत्व, ग्रहांचे

ग्रहाच्या पृष्ठभागावर मोकळ्या सोडलेल्या वस्तूला ग्रहाच्या आकर्षणामुळे मिळणारे त्वरण. पृथ्वीवर ते सुमारे ९.८ मी/से² असते. न्यूटनच्या नियमानुसार हे त्वरण वस्तुमानाच्या सम आणि त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. वस्तुमान मात्र सरासरी घनता आणि त्रिज्येचा घन यांच्यावर ठरते. त्यामुळे शेवटी उरतो तो घनता आणि त्रिज्या यांचा गुणाकार. घनता तीच राहून त्रिज्या दुप्पट झाली, तर गुरुत्वही दुप्पट होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण बुध आणि मंगळ या जोडीचे आहे. मंगळाची त्रिज्या ३,३९० किमी, बुधाची २,४४० किमी. मंगळाचे वस्तुमान बुधाच्या जवळजवळ दुप्पट. तरीही दोन्हींचे पृष्ठीय गुरुत्व ३.७ मी/से² आहे. पृथ्वीवर ज्याचे वजन ६० किलो भरते, त्याचे वजन स्प्रिंगच्या काट्यावर या दोन्ही ठिकाणी सुमारे २३ किलोच दिसेल. मंगळाची घनता ३.९३ ग्रॅम/घसेंमी, तर बुधाची ५.४३, आकारातली उणीव बुध घनतेने भरून काढतो. त्याचा लोहप्रधान गाभा केंद्रापासून त्रिज्येच्या चार-पंचमांशाहून अधिक अंतरापर्यंत पसरलेला आहे.

आकार आणि घनता पूर्णपणे स्वतंत्र नाहीत, हे अशी तुलना करताना विसरून चालत नाही. मोठ्या ग्रहाच्या अंतर्भागातील द्रव्य वरच्या थरांच्या भाराने दाबले जाते. पृथ्वीची ५.५१ ही घनता काही अंशी या दाबाची देणगी आहे. तो वजा केला, तर बुधाचे द्रव्य पृथ्वीच्या द्रव्यापेक्षा स्पष्टपणे जड ठरते. पृथ्वीची सरासरी घनता प्रयोगशाळेत मोजण्याचे श्रेय हेन्री कॅव्हेंडिश यांचे (१७९८). ती पाण्याच्या साडेपाच पटींच्या जवळ निघाली. पृष्ठभागावरचे खडक याच्या जेमतेम निम्म्या घनतेचे असल्याने पृथ्वीच्या पोटात फार जड द्रव्य असले पाहिजे, हे त्यातून उघड झाले.

वायुग्रहांना घन पृष्ठभाग नसतो; त्यांच्यासाठी १ बार दाबाची पातळी पृष्ठभाग मानतात. शनीचे वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट, पण घनता पाण्याहूनही कमी (०.६९). त्याची विषुववृत्तीय त्रिज्या पृथ्वीच्या साडेनऊ पट असल्याने तेथील आकर्षण पृथ्वीपेक्षा किंचितच जास्त, सुमारे १०.४ मी/से² भरते. शिवाय शनी साडेदहा-पावणेअकरा तासांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे विषुववृत्तावर प्रत्यक्ष जाणवणारे मूल्य ९ मी/से² च्या आसपास उतरते.