'राइट्स ऑफ मॅन'मधला मॅन कोण?

मागच्या वर्षी एका छोट्या प्रदर्शनासाठी जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या नावांच्या मराठी पाट्या करायचं काम माझ्याकडे आलं. यादीत थॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' होतं. मी 'माणसाचे हक्क' लिहिलं आणि पुढे गेले. पुढचंच नाव होतं मेरी वोलस्टनक्राफ्टचं 'अ व्हिंडिकेशन ऑफ द राइट्स ऑफ वुमन'. 'स्त्रीच्या हक्कांचं समर्थन' असं लिहिलं आणि थांबले. दोन्ही पाट्या शेजारी लागणार होत्या. एकीवर माणूस, दुसरीवर स्त्री. म्हणजे स्त्री माणसांत धरलेली नव्हती का? मग पहिल्या पाटीवर 'पुरुषाचे हक्क' लिहायला हवं का?

या एका पाटीपायी मी कितीतरी दिवस जुने कायदे आणि खटले वाचत बसले. त्यातून जे हाती लागलं ते असं, की इंग्रजीत 'राइट' हा शब्द एकटा फारसं काही सांगत नाही. मुळात त्याचा अर्थ सरळ, योग्य. आपला 'हक्क' अरबीतून फारसीमार्गे आला, आणि अरबीत त्याचा एक अर्थ 'सत्य' असाही आहे. दोन्ही शब्द 'हे रास्त आहे' एवढंच म्हणतात. कोणासाठी रास्त, ते शेजारचा शब्द ठरवतो. सगळी भांडणं त्या शेजारच्या शब्दावरून झाली.

१६८९ सालच्या इंग्लंडच्या 'बिल ऑफ राइट्स'मध्ये शेजारी 'सब्जेक्ट' आहे, म्हणजे राजाची प्रजा. शंभर वर्षांनी, १७८९ मध्ये, फ्रेंच क्रांतीच्या जाहीरनाम्यात तिथे 'माणूस आणि नागरिक' आले. ही झेप मोठी होती. आता हक्क राजाकडून मिळणारे नव्हते, जन्मानेच मिळालेले होते. एडमंड बर्कनं १७९० मध्ये या क्रांतीवर सडकून टीका केली. तिला पेननं १७९१ मध्ये दिलेलं उत्तर म्हणजे 'राइट्स ऑफ मॅन'.

पण पेनच्या आधीच, १७९० मध्येच, वोलस्टनक्राफ्टनं बर्कला उत्तर दिलं होतं. त्या पुस्तकाच्या नावात 'राइट्स ऑफ मेन' होतं आणि पहिल्या आवृत्तीवर लेखिकेचं नाव नव्हतं. दोन वर्षांनी तिनंच 'राइट्स ऑफ वुमन' लिहिलं. 'मेन' म्हटल्यावर बायका आपोआप त्यात आल्या असत्या, तर तिला दुसरं पुस्तक लिहायची गरज पडली नसती. त्याच वर्षी थॉमस टेलर नावाच्या विद्वानानं, स्वतःचं नाव न घालता, तिची टर उडवणारी पुस्तिका काढली. तिच्या नावात होतं 'राइट्स ऑफ ब्रूट्स', म्हणजे जनावरांचे हक्क. आज बायका हक्क मागतात, उद्या गुरंढोरं मागतील, असा विनोद. पॅरिसमध्ये ऑलिम्प द गूजनं १७९१ मध्ये त्या फ्रेंच जाहीरनाम्याच्याच धर्तीवर स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. १७९३ मध्ये तिला गिलोटिनवर चढवलं. तिच्यावरचा आरोप दुसऱ्या एका राजकीय लिखाणाचा होता, पण तिचा जाहीरनामाही तेव्हा कोणी मनावर घेतला नाही.

आपल्याकडे पेनचं पुस्तक तरुण जोतीराव फुल्यांनी वाचलं. त्यांनी आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. 'मॅन' या शब्दाचा त्यांनी काय अर्थ घेतला, हे त्यावरून समजतं. पुढे 'सार्वजनिक सत्यधर्म' या १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात तर ते 'माणूस' शब्दावर विसंबूनच राहत नाहीत. पुन्हा पुन्हा 'स्त्रीपुरुष' असा जोडशब्द लिहितात. वाचणाऱ्याला पळवाटच ठेवत नाहीत.

पळवाट काय असते, ते इंग्लंडच्या कायद्यात बघा. १८५० मध्ये तिथे एक नियम झाला. कायद्यात पुल्लिंगी शब्द असला, तरी उलट काही म्हटलेलं नसेल तर त्यात स्त्रिया धरायच्या. छान वाटतं ना? १८६७ मध्ये मतदानाचा नवा कायदा संसदेत आला. त्यात मतदारासाठी शब्द होता 'मॅन'. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल तेव्हा खासदार होता. त्यानं एकाच शब्दाची दुरुस्ती सुचवली: 'मॅन' काढा, 'पर्सन' घाला. बाजूनं ७३ मतं पडली, विरोधात १९६. शब्द राहिला.

मग मँचेस्टरमधल्या पाच हजारांहून जास्त बायकांनी वेगळा रस्ता धरला. शब्द 'मॅन' असू दे, पण १८५० चा नियम आहेच, म्हणजे 'मॅन'मध्ये आम्हीही आलो, असं म्हणत त्यांनी मतदारयादीत नावं मागितली. प्रकरण कोर्टात गेलं. त्यांच्या वकिलांमध्ये रिचर्ड पँकहर्स्ट होते. १८६८ मध्ये निकाल लागला: इथे 'मॅन' म्हणजे पुरुषच. बाईला मत देण्याची कायदेशीर पात्रताच नाही, तेव्हा तो नियम इथे लागू होत नाही. कर भरायची वेळ आली की पुल्लिंगी शब्दात बाई बसत होती. शिक्षा भोगायची वेळ आली की बसत होती. हक्काची वेळ आली की मात्र तोच शब्द पुरुषाचा होत होता.

तोच १८५० चा नियम आपल्याकडेही आला. १८९७ च्या 'जनरल क्लॉजेस अॅक्ट'मध्ये तो आहे, आणि आजही लागू आहे. कलकत्त्यात रेजिना गुहा यांनी कायद्याची पदवी घेतली आणि वकिलीची सनद मागितली. वकिलांच्या कायद्यात तर 'मॅन'ही नव्हता, मिलच्या आवडीचा 'पर्सन' होता. तरी १९१६ मध्ये कलकत्ता हायकोर्टानं सांगितलं, त्या 'पर्सन'मध्ये स्त्री येत नाही. इथे मला माझंच मत बदलावं लागलं. तोवर मला वाटत होतं, शब्द बदलला की काम झालं. पण ज्याला बाई दिसतच नाही, त्याला 'पर्सन'मध्येही दिसत नाही. १९२३ मध्ये वेगळा कायदा करून, केवळ स्त्री आहे म्हणून कोणालाही वकिलीतून वगळता येणार नाही, असं स्वच्छ लिहावं लागलं. तेव्हा कुठे दार उघडलं.

या पार्श्वभूमीवर हंसा मेहता संयुक्त राष्ट्रांत गेल्या. त्या सुरतेत जन्मल्या, मुंबईत राजकारणात आल्या आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधान परिषदेवर निवडून आल्या. १९४७ पासून मानवी हक्क आयोगात त्या भारताच्या प्रतिनिधी होत्या. अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट सोडल्या, तर त्या आयोगात प्रतिनिधी म्हणून त्याच एक बाई. जाहीरनाम्याच्या मसुद्यात 'ऑल मेन' होतं. मेहतांनी हरकत घेतली: याचा अर्थ काही देश फक्त पुरुष असाच लावतील. रूझवेल्टबाईंना ते तितकंसं पटलं नव्हतं. 'मेन'मध्ये सगळेच येतात हे आता सर्वमान्य आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. अमेरिकेतून पाहताना तसं वाटत असेल. पण मेहता ज्या देशातून आल्या होत्या, तिथे 'पर्सन'मध्येसुद्धा बाई बसत नाही असं कोर्टानं म्हटल्याला जेमतेम तीस वर्षं झाली होती.

१० डिसेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये जाहीरनामा मंजूर झाला. ४८ मतं बाजूनं, विरोधात एकही नाही, ८ देश तटस्थ. पहिल्या कलमात 'ऑल मेन'च्या जागी 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' आलं होतं. मात्र त्याच पहिल्या कलमात 'ब्रदरहुड', म्हणजे बंधुभाव, राहूनच गेलं. आणि पंचविसाव्या कलमात माणूस 'स्वतःचं आणि त्याच्या कुटुंबाचं' पोषण करतो ते इंग्रजीत अजून पुल्लिंगीच आहे. एक शब्द बदलता आला, सगळे नाही.

दुसऱ्या कलमात मात्र वंश, वर्ण, भाषा, धर्म यांच्या यादीत लिंगाचाही स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमातही तो आहे. १९२३ च्या कायद्यानं जे शिकवलं तेच हे: नुसतं 'सगळे' म्हणून भागत नाही, कोणाला गाळायचं नाही तेही लिहावं लागतं.

हे सगळं मी आईला सांगत होते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हक्क शब्द मी पहिल्यांदा सही करताना वाचला."

तिची सही होती हक्कसोडपत्रावर. आजोबा गेल्यावर मामांनी कागद पुढे केला, आईनं आणि मावशीनं सह्या केल्या. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. कायद्यात 'मुलगी' असं स्वच्छ लिहिलेलं आहे, पळवाट नाही. तरी तलाठी कार्यालयात जाऊन बघा, बहिणींची हक्कसोडपत्रं किती येतात ते. सगळ्याच बहिणींवर जबरदस्ती होते असं नाही. आईवरही कोणी केली नाही. "माहेर तुटू नये म्हणून," ती म्हणाली, आणि विषय बदलला. इंग्रजीत या कागदाला 'रिलीज डीड' म्हणतात. त्या नावात 'राइट' शब्द येतच नाही, म्हणजे काय सुटलं ते कळतही नाही. मराठी नाव निदान खरं बोलतं.

पाटीवर शेवटी मी 'माणसाचे हक्क' हेच ठेवलं. आपल्या भाषेत 'बाईमाणूस' म्हणतात, म्हणजे हा शब्द तिला आत घेऊ शकतो. 'पुरुषाचे हक्क' लिहिलं असतं, तर फुल्यांनी वाचलं ते पुस्तक हे नव्हेच, असं झालं असतं. फक्त दोन्ही पाट्यांखाली सालं ठळक घातली, १७९१ आणि १७९२. बघणाऱ्यानं क्षणभर थांबावं आणि विचारावं, की एकाच वर्षात दुसरं पुस्तक का लागलं. कोणी विचारलं की नाही, माहीत नाही. आई आली होती प्रदर्शनाला. ती मात्र त्या दोन पाट्यांपुढे बराच वेळ उभी होती.