भिंतीलगतचं पाणी

जलप्रयोगशाळेत तीस वर्षं मी पहिल्या तासाला मुलांकडून एकच प्रयोग करून घेतला. काचेची आडवी नळी, तिच्या तोंडाशी पोटॅशियम परमँगनेटची बारीक धार. तोटी जराशी उघडली की नळीत जांभळा दोरा ताणून बसवल्यासारखा दिसतो. आणखी सोडली की दोरा थरथरतो आणि बघता बघता सगळी नळी गुलाबी होते. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी रंगाची अशीच धार सोडून मँचेस्टरला १८८३ साली हे दाखवलं. माझा जीव मात्र त्या दोऱ्यात नसे, काचेला चिकटलेल्या पाण्यात असे.

भिंतीची दखल त्याआधीच एका पाणीपुरवठ्याच्या माणसानं घेतली होती. दिजाँ शहरात झऱ्याचं पाणी आणणारे आँरी दार्सी. आत पुटं चढलेल्या जुन्या नळातून पाणी कमी का येतं, हे त्यांनी मोजलं आणि १८५७ साली छापलं. तोवरच्या सूत्रांत नळ आतून कसा आहे हा प्रश्नच नव्हता.

पुढचं पाऊल लुडविग प्रांटल यांचं. हॅनोव्हरमध्ये त्यांनी पाण्याचा एक छोटा पाट केला होता. चाक हातानं फिरवायचं, पाण्यात चमचमते बारीक कण सोडायचे आणि ते कुठे वळतात ते बघायचं. १९०४ साली हायडेलबर्गच्या गणितज्ञांच्या परिषदेत २९ वर्षांच्या या प्राध्यापकानं सांगितलं: भिंतीला टेकलेलं पाणी हलत नाही, आणि घर्षणाचा सगळा खेळ तिच्यालगतच्या पातळ थरात चालतो. हाच सीमास्तर. इतकी मोठी गोष्ट हातानं चाक फिरवून सापडली, यानं मला अजून भरून येतं.

मग बरीच वर्षं समजूत अशी की प्रवाह कितीही खवळला तरी भिंतीशी अगदी चिकटलेला थर शांत असतो. स्टॅनफर्डला स्टीफन क्लाइन आणि सहकाऱ्यांनी तलम तारेतून वीज सोडून हायड्रोजनचे बुडबुडे काढले आणि १९६७ साली ते चित्र मोडलं. तिथे मंद आणि वेगवान पाण्याचे लांबट पट्टे शेजारी शेजारी होते. मंद पट्टा भिंतीपासून उचले, डुलू लागे आणि फुटे. खळबळीचा जन्मच तिथला.

निवृत्तीच्या वर्षी मी फ्ल्यूमच्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या काचेच्या पाटाच्या, तळावर चाळलेली बारीक वाळू पसरली आणि पंप सुरू केला. थोड्या वेळानं वाळू प्रवाहाच्या दिशेनं रेघारेघांत लागली. मुलं काचेशी वाकली. एका रेघेचं टोक उचललं, वळवळलं आणि वाळू विखुरली. तिच्या शेजारी दुसरी रेघ तयार होत होती.